विषारी वायु ओळखणारें यंत्र व त्याची निगा

आपल्या मराठवाड्यांत ज्वारी सांठविण्यासाठीं जमिनींत खोल पेव खणण्याची चाल पुष्कळ दिवस होती. 'अमक्या गोष्टीचें पेव फुटलें' असें आपण अजूनही सहज बोलून जातों. परंतु खरें पेव फोडणें हें काम किती जोखमीचें असे, याची कल्पना आजच्या मुलांस क्वचितच असते. पेवाचें तोंड मोकळें केल्यावर जाणता शेतकरी लागलाच आंत उतरत नसे. तो तें कांहीं वेळ उघडें ठेवी, मग दोरीला कंदील बांधून हळूहळू तळाशीं सोडी, आणि ज्योत तेवत राहिली तरच माणसास आंत जाऊं देई. ज्योत मंद होऊन विझली, तर आंतील हवा वाईट आहे असें समजून सर्वजण थांबत. याचें कारण असें कीं सांठविलेलें धान्यही श्वासोच्छ्वास करितें. तें बंद जागेंतील प्राणवायु हळूहळू वापरून टाकतें व त्याऐवजीं कार्बन डायऑक्साइड नांवाचा वायु सोडतें. हा वायु हवेपेक्षां सुमारें दीडपट जड असल्यामुळें तळाशीं पाण्यासारखा सांचून राहतो. त्याला रंग नाहीं, व ओळखूं येईल असा वासही नाहीं.

पेवें आतां गेलीं, पण कोंडलेली हवा गेली नाहीं. जळकोटच्या परिसरांत काळा खडक फोडून खणलेल्या खोल विहिरी आहेत, शेणाच्या गॅसचीं कुंडें आहेत, शौचालयांच्या बंद टाक्या आहेत. आणि शाळा सोडून गेलेले कित्येक विद्यार्थी पुढें साखरकारखान्यांत, तेलगिरण्यांत, पेट्रोलपंपांवर किंवा मुंबई-पुण्याकडील रासायनिक कारखान्यांत कामास लागतात. अशा जागीं कंदिलाचें काम आज हातांत मावणारें एक विजेचें यंत्र करितें. त्यास गॅस डिटेक्टर असें म्हणतात; आपण त्याला वायुदर्शक म्हणूं. हें यंत्र कसें चालतें, त्याला वीज कशी पुरवावी, आणि धोक्याच्या जागीं तें कसें वापरावें, हें येथें सांगण्याचें आम्ही योजिलें आहे. मुख्य मुद्दा आरंभींच सांगून ठेवितों. यंत्र हा आपला साक्षीदार आहे, आणि साक्ष घेण्यापूर्वीं साक्षीदार शुद्धीवर आहे कीं नाहीं, हें पाहिलें पाहिजे.

ही चर्चा केवळ पुस्तकी नव्हे. सन २०१७ च्या जानेवारीअखेर लातूर येथील एका खाद्यतेलाच्या कारखान्यांत टाकीची सफाई करतांना नऊ कामगार मरण पावले. सन २०२३ च्या मे महिन्यांत परभणी जिल्ह्यांतील सोनपेठ तालुक्यांत मैल्याची टाकी साफ करतांना पांच मजूर गेले. सन २०२४ च्या एप्रिलमध्यें नेवासें तालुक्यांतील वाकडी या गांवीं शेणकाल्यानें भरलेल्या एका जुन्या विहिरींत मांजर पडलें. तें काढण्यासाठीं एक मनुष्य उतरला. तो वर येईना म्हणून दुसरा उतरला. असे एकामागून एक लोक उतरत गेले व पांचजण प्राणांस मुकले. ज्याच्या कमरेस दोर बांधलेला होता, तो सहावा मात्र वर ओढून काढतां आला. वाचकांनीं ही शेवटची गोष्ट नीट ध्यानांत ठेवावी. या पांचांपैकीं पहिला मांजरासाठीं उतरला होता. बाकीचे माणसासाठीं उतरले. दया, धैर्य व आप्तप्रेम हे उत्तम गुण होत. परंतु ज्ञान सोबतीस नसेल तर याच गुणांमुळें एका मृत्यूचे पांच मृत्यु होतात.

कोंडलेली हवा मुख्यतः चार प्रकारांनीं घात करिते. पहिला प्रकार प्राणवायूच्या उणिवेचा. मोकळ्या हवेंत प्राणवायूचें प्रमाण शेंकडा २०.९ असतें. तें १९.५ च्या खालीं गेलें म्हणजे जागा धोक्याची समजतात. आणि तें १० च्याही खालीं उतरलें, तर माणसास धोका उमगण्यापूर्वींच मूर्च्छा येते. दुसरा प्रकार पेटणाऱ्या वायूचा. शेण, मळी, मैला हे पदार्थ कुजतांना मिथेन वायु उत्पन्न होतो. हवेंत तो शेंकडा सुमारें ५ पासून १५ पर्यंत असला, म्हणजे एका ठिणगीनें भडका उडतो. तिसरा प्रकार हायड्रोजन सल्फाइड या वायूचा. याला कुजक्या अंड्यांची घाण येते, व अगदीं अल्प प्रमाणांतही नाकास ती कळते. परंतु हवेच्या दहा लाख भागांत या वायूचे १०० भाग होऊं लागले, कीं नाकाची वास घेण्याची शक्तिच बधिर होते. 'घाण गेली, आतां उतरावयास हरकत नाहीं,' असें मनुष्य म्हणतो, आणि वस्तुतः तीच घटका सर्वांत वाईट असते. चौथा प्रकार कार्बन मोनॉक्साइडचा. विहिरींतील पाणी उपसण्यासाठीं आंत उतरवून ठेविलेल्या इंजिनाच्या धुरांत हा असतो. याला वास नाहीं. तो रक्तांत शिरून प्राणवायूची जागा अडवितो.

हे वायु एकाच जागेंत एकाच थरांत राहतात असेंही नाहीं. मिथेन हवेपेक्षां पुष्कळ हलका, म्हणून तो झांकणाखालीं वर दाटतो. हायड्रोजन सल्फाइड किंचित् जड, म्हणून तो खालीं राहतो. कार्बन मोनॉक्साइडचें वजन जवळजवळ हवेइतकेंच, म्हणून तो कोठेंही मिसळलेला असतो. तेव्हां टाकीच्या तोंडाशीं हवा चांगली लागली, एवढ्यावरून तळाची हवा चांगली ठरत नाहीं.

मग जुना कंदील कां वापरूं नये, असें कोणी विचारील. त्याचें उत्तर खाणींच्या इतिहासांत आहे. ता. २५ मे १८१२ रोजीं इंग्लंडांतील फेलिंग येथील कोळशाच्या खाणींत भडका उडून ९२ माणसें मेलीं. खाणींतील मजुरांस उजेडासाठीं ज्योत हवी, आणि तीच ज्योत मिथेनला पेटवी, असा हा पेंच होता. सन १८१५ मध्यें सर हंफ्रे डेव्ही यांनीं ज्योतीभोंवतीं बारीक तारेची जाळी बसवून तो सोडविला. जाळी ज्योतीची उष्णता पसरवून घेते. त्यामुळें जाळीबाहेरील वायूला पेटण्याइतकी उष्णता पोंचत नाहीं. शिवाय मिथेन असल्यास ज्योतीवर निळसर टोपी दिसे, व प्राणवायु उणा असल्यास ज्योत मावळे. म्हणजे दिवा हाच वायुदर्शक झाला. परंतु कार्बन मोनॉक्साइड ज्योतीस ओळखतां येत नसे. त्यासाठीं ब्रिटनमधील खाणींत पिंजऱ्यांतील कॅनरी पक्षी नेत; माणसाच्या आधीं तो चिमुकला जीव कोसळे, व तें पाहून मजूर मागें फिरत. ही चाल तेथें सन १९८६ पर्यंत चालू होती. आपल्याकडील उघडा कंदील मात्र शेणाच्या गॅसच्या कुंडांत किंवा मैल्याच्या टाकींत सोडणें म्हणजे दारूच्या कोठारांत काडी ओढण्यासारखें आहे. पेवाची रीत पेवापुरतीच होती, हें कोणीही विसरूं नये.

पुढें खाणींत वीज आली, व तिच्याबरोबर ठिणगी आली. ता. १४ ऑक्टोबर १९१३ रोजीं वेल्समधील सेंगेनिद येथील खाणींत भयंकर स्फोट होऊन ४३९ कामगार गेले. इशाऱ्याची घंटा वाजविणाऱ्या तारांतील बारीक ठिणगी हें याचें कारण असावें, असा संशय आला. आणि किती लहान ठिणगीनें वायु पेटतो, याचा शोध शास्त्रज्ञांनीं जोरानें चालविला. मिथेन पेटविण्यास एका जूलचे दहा हजार भाग करून त्यांतील सुमारें तीन भाग एवढी शक्ति पुरते. एक किलो वजन एक मीटर उंचीवरून पडतांना जी शक्ति प्रकट होते, तिचा हा सुमारें पस्तीस हजारावा हिस्सा होय. यावरून एक मोठें तत्त्व निघालें. यंत्रांतील विजेचा दाब व प्रवाह मुळांतच इतके मर्यादित ठेवावे, कीं तार तुटली किंवा आंत बिघाड झाला तरी वायु पेटविण्याजोगी ठिणगी किंवा उष्णता निर्माणच होऊं नये. अशा यंत्रास आपण स्वभावतः निर्धोक यंत्र म्हणूं. धोक्याच्या जागीं नेण्याचा वायुदर्शक अशाच जातीचा असावा लागतो.

आतां यंत्राच्या पोटांत काय असतें तें पाहूं. पेटणारा वायु ओळखण्यासाठीं नेहमींच्या यंत्रांत प्लॅटिनमच्या अतिसूक्ष्म तारेचे दोन मणी असतात. एका मण्यावर असें द्रव्य असतें कीं त्याच्या सान्निध्यांत मिथेन ज्योतीवांचून जळतो. दुसऱ्यावर तें नसतें. वायु जळाला कीं पहिला मणी अधिक तापतो, त्याच्या तारेचा विद्युत्-रोध वाढतो, व दोहोंतील फरक आंकड्यानें पडद्यावर उमटतो. हे मणी तापलेले असल्यामुळें त्यांच्यापुढें सच्छिद्र धातूची चकती बसविलेली असते. विद्यार्थ्यांनीं पाहावें कीं डेव्हीची जाळीच येथें नव्या रूपानें आली आहे! प्राणवायु व विषारी वायु ओळखण्यासाठीं लहान रासायनिक घट असतात. वायु आंत शिरला कीं त्याच्या प्रमाणांत बारीक विद्युत्प्रवाह उत्पन्न होतो. यांतील प्राणवायूचा जुन्या पद्धतीचा घट तर यंत्र कपाटांत पडून असलें तरी झिजतच असतो, व साधारणपणें दोन-तीन वर्षांत बदलावा लागतो.

पडद्यावरील आंकड्यांचा अर्थही नीट समजला पाहिजे. पेटणाऱ्या वायूचा आंकडा हवेंतील शेंकडेवारी दाखवीत नाहीं; भडक्याच्या खालच्या मर्यादेचा कितवा भाग झाला, तें दाखवितो. म्हणजे मिथेन हवेंत शेंकडा ५ झाला कीं यंत्र १०० दाखवील. बहुतेक यंत्रें १० या आंकड्यावरच, म्हणजे हवेंत अर्धा टक्का मिथेन असतांनाच, इशारा देतात. हायड्रोजन सल्फाइडसाठीं दहा लाखांत १० भाग ही इशाऱ्याची नेहमींची मर्यादा असते.

धोक्याच्या जागांचेही तीन वर्ग केलेले आहेत. पेट्रोलच्या टाकीच्या पोटांत पेटणारी वाफ सदैव असते. ती शून्य क्रमांकाची जागा. जेथें नित्याच्या कामांत अशी वाफ मधून मधून येते, ती पहिल्या क्रमांकाची. आणि जेथें ती क्वचित् व थोडाच वेळ येते, ती दुसऱ्या क्रमांकाची. कोणतें यंत्र कोणत्या वर्गांत न्यावें, हें त्याच्या पाठीवरील पट्टीवर लिहिलेलें असतें. सन १८९८ पासून चालत आलेलें स्फोटक द्रव्यांचें सरकारी खातें आज पेट्रोलियम व स्फोटक सुरक्षा संघटना या नांवानें ओळखलें जातें. त्याची मुख्य कचेरी आपल्याच राज्यांत नागपूर येथें असून, पेट्रोलच्या धोक्याच्या जागीं वापरावयाच्या विजेच्या यंत्रांस त्या कचेरीची मान्यता लागते. पट्टी झिजून वाचतां येत नसेल, तर तें यंत्र धोक्याच्या जागीं नेऊं नये.

येथून बॅटरीचा प्रश्न येतो, व याच ठिकाणीं लोक फार निष्काळजी असतात. यंत्र निर्धोक ठरविलें जातें तें त्याच्या ठराविक बॅटरीसह. बाजारांत मिळणारी दुसरी बॅटरी त्याच मापाची असेल, परंतु तिच्यांतून निघणारा प्रवाह तितकाच मर्यादित असेल असें नाहीं. म्हणून कर्त्यानें सांगितलेल्या जातीचीच बॅटरी घालावी. जुने व नवे सेल मिसळूं नयेत. बॅटरीचा कप्पा धोक्याच्या जागीं कदापि उघडूं नये. कारण सेल काढतांना किंवा घालतांना ठिणगी उडूं शकते. यंत्राचें चार्जिंगही सुरक्षित जागींच, त्याच्याच चार्जरनें करावें. चार्जर भिंतीच्या विजेशीं जोडलेला असतो, व यंत्राच्या अंगचें निर्धोकपण त्या तारेला लागू नसतें. उन्हाळ्यांत आपल्याकडे पारा चाळिसाच्या वर जातो. अशा वेळीं उन्हांत उभ्या केलेल्या जीपमध्यें यंत्र ठेवूं नये व तेथें त्याचें चार्जिंगही करूं नये. तें घरांत, सावलींत करावें. आणि अर्धी भरलेली बॅटरी घेऊन 'एवढ्या कामाला पुरेल' असा अंदाज बांधूं नये. मणी सतत तापते ठेवावे लागत असल्यानें वीज बरीच खर्च होते. हवा शोषून घेण्याचा लहान पंप यंत्रांत असेल, तर ती आणखी लौकर संपते. दिवा विझला तर तो विझलेला दिसतो. परंतु यंत्र बंद पडलें, तर त्याचें मौन 'सर्व ठीक आहे' असेंच भासतें.

यंत्र सुरू करणें तें स्वच्छ मोकळ्या हवेंत, टाकीपासून दूर. सुरू होतांना तें तेथील हवेलाच शुद्ध मानून आपला आरंभाचा आंकडा ठरवितें. टाकीच्या तोंडाशीं हें केलें, तर वाईट हवेलाच चांगली समजण्याची शिकवण आपणच त्यास दिली असें होईल. नंतर त्याच्या बाटलींतील ठराविक प्रमाणाचा वायु क्षणभर दाखवून घंटा वाजते, दिवा लागतो व यंत्र थरथरतें कीं नाहीं, याची परीक्षा करावी. ही परीक्षा प्रत्येक दिवशीं, कामापूर्वीं करावी. केवळ पडदा उजळला म्हणजे यंत्र जागें आहे असें नाहीं. मण्यावर सिलिकोनचे तेलकट पदार्थ बसले असतील, तर तो आंधळा होतो, व पडदा निर्विकारपणें शून्य दाखवीत राहतो. यंत्राचे आंकडे ठराविक मुदतीनें जुळवून घेणें, हें जाणत्या माणसाचें काम आहे, व त्याची तारीख वहींत लिहिलेली असावी.

पंप असलेल्या यंत्राच्या नळीवर बोट ठेवून पाहावें. यंत्रानें तक्रार केली तर नळी शाबूत आहे. मग माणूस बाहेरच ठेवून नळी आंत सोडावी, आणि वर, मध्यें व तळाशीं अशी तीन ठिकाणची हवा तपासावी. नळी जितकी लांब, तितका हवा यंत्रापर्यंत येण्यास अधिक वेळ लागतो. म्हणून प्रत्येक ठिकाणीं धीर धरून आंकडा स्थिर होईपर्यंत थांबावें. नळीचें टोंक पाण्यांत बुडूं देऊं नये. प्रथम प्राणवायु, मग पेटणारा वायु, मग विषारी वायु, असा आंकडे पाहण्याचा क्रम आहे. यालाही कारण आहे. मण्यावर वायु जळण्यास प्राणवायु लागतो. तोच उणा असेल, तर मिथेन भरपूर असूनही यंत्र तो थोडा दाखवील. तसेंच मिथेन अतिशय दाट असला, तर आंकडा एकदम चढून पुन्हां खालीं येतो. हें उतरणें सुटकेचें चिन्ह नसून भीतीचें चिन्ह होय. आणखी एक मर्यादा सांगितलीच पाहिजे. चार वायूंच्या नेहमींच्या यंत्रास कार्बन डायऑक्साइड ओळखतां येत नाहीं. हवेंत तो शेंकडा ५ झाला, म्हणजे माणसास धाप लागते. तरी प्राणवायूचा आंकडा सुमारें १९.९ राहतो, व यंत्र गप्प बसतें. म्हणून धान्याच्या, मळीच्या किंवा शेणाच्या बंद जागेसाठीं त्या वायूचा निराळा संवेदक असलेलें यंत्र पाहिजे.

तपासणी झाली म्हणजे यंत्र बाहेर ठेवून उतरावें, असेंही नाहीं. गाळ ढवळला कीं त्यांत अडकलेला वायु वर येतो. यासाठीं उतरणाऱ्याच्या छातीशीं यंत्र सतत चालू असावें, पंख्यानें ताजी हवा आंत चालू असावी, त्याच्या अंगाला दोर असावा, आणि दोर धरणारा मनुष्य बाहेर जागेवरून हलूं नये. साधा मोबाईल व साधी विजेरी बाहेरच ठेवावी. यंत्र निर्धोक असून खिशांत ठिणगी घेऊन जाण्यांत अर्थ काय? घंटा वाजली कीं वाद न घालतां बाहेर पडावें. 'एवढी बादली भरून येतों' असें म्हणूं नये. घंटा खोटी असेल, तर तिची चौकशी बाहेर येऊन करतां येते. ती खरी असेल, तर आंत राहून करतां येत नाहीं.

मैल्याच्या टाक्या व गटारें यांत माणसास संरक्षणाच्या साहित्यावांचून उतरविण्यास सन २०१३ च्या कायद्यानें बंदी केली आहे, आणि त्या कायद्याखालील नियमांत पुरवावयाच्या साधनांच्या यादींत वायुमापकही आहे. पालकांस आमची आग्रहाची विनंति आहे कीं आपल्या घरची टाकी उपसावयाची असेल, तर पंपाच्या गाडीनें बाहेरूनच उपसावी. चार पैसे वांचविण्यासाठीं कोणा गरिबास आंत उतरवूं नये. वायुदर्शक विकत घेणें प्रत्येक शेतकऱ्यास शक्य नाहीं, हें आम्ही जाणतों. परंतु यंत्र नसेल तर न उतरणें हें प्रत्येकास शक्य आहे, व त्याला पैसाही पडत नाहीं.

आणि विद्यार्थ्यांनो, विहिरींत किंवा टाकींत कोणी मूर्च्छित पडलेला दिसला, तर तुम्हीं प्रथम मोठ्यानें हांक मारावी, वडील माणसांस बोलवावें, रुग्णवाहिकेसाठीं १०८ वर व पोलीस-अग्निशामकांसाठीं ११२ वर कळवावें, दोर व ताजी हवा सोडण्याची खटपट करावी. परंतु आंत उडी टाकूं नये, व दुसऱ्यासही टाकूं देऊं नये. त्या क्षणीं स्वस्थ उभें राहणें फार कठीण आहे. तेथें पडलेला मनुष्य आपला भाऊ असेल, बाप असेल. तरीसुद्धां वाकडीची विहीर आठवावी. तेथें ज्याला दोर होता तो वांचला, व ज्यांना नुसती माया होती ते गेले. पेवाच्या तोंडाशीं कंदील सोडून वाट पाहणारे आपले आजे-पणजे भित्रे नव्हते. न दिसणाऱ्या शत्रूला ते ओळखून होते. कंदिलाऐवजीं आपल्या हातीं सूक्ष्म यंत्र आलें आहे. पण वाट पाहण्याचा तो शहाणपणा यंत्राबरोबर पेटींत मिळत नाहीं, तो आपला आपणच अंगीं आणावा लागतो.